धुरपा गुरविणीचं जातं

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. घाटात तेव्हा गाडीवाट नव्हती, आणि तेव्हा जी माणसं होती त्यांची नातवंडंसुद्धा आता गेली. एवढं जुनं पुरे झालं.

घाटाच्या पायथ्याला ऊनझरी नावाचं गाव. गावात झराई देवीचं देऊळ, आणि देवळाच्या पायऱ्या उतरलं की दोन कुंडं. एका कुंडात भुईतून ऊन पाणी येतं, बारा महिने वाफ निघते. दुसऱ्यात डोंगराचा झरा पडतो, त्यात पाय घातला की माणूस आज्याचं नाव घेतो. दोन्हींच्या मधे दगडी बांध, एक माणूस आडवा निजेल एवढाच. असं म्हणतात की या दोघी बहिणी. थोरली रागावली ती अजून तापलेली आहे, धाकटी रुसली ती अजून गार आहे, आणि मधल्या बांधामुळं दोघींचं बोलणं होत नाही. गावात कुंड असं कुणी म्हणत नाही. थोरली आणि धाकटी, असंच म्हणतात.

देवळासमोर तालीम होती. ऊनझरीचं पोरगं चालायला लागलं की आधी मातीत पडायचं, मग शहाणं व्हायचं. माघातल्या पुनवेला देवीची जत्रा आणि जत्रेत कुस्त्या. हलगी वाजायची, घाटावरचे पैलवान खाली उतरायचे, खाडीकडची माणसं वर चढायची.

आता त्या जत्रेची एक रीत होती. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शेवटच्या कुस्तीत जो जिंकेल त्याला थोरलीत आंघोळ. देवीचं पाणी, देवीचा मान. जो हरेल त्याला पाणी नाही. थोरलीचं नाही, धाकटीचं नाही, हातपाय धुवायला तांब्याभरसुद्धा नाही. अंगावरच्या मातीसकट त्यानं गावाची शीव ओलांडायची आणि पलीकडं जाऊन काय करायचं ते करायचं. हरलेल्याच्या अंगाची माती देवीच्या पाण्यात पडली तर गावाचं यश वाहून जातं, असं ते मानायचे. एक माणूस मूर्ख असला तर त्याला लोक हसतात. सगळं गाव मूर्ख असलं की त्याला रीत म्हणतात.

माघातला वारा कसा असतो ते ज्यानं खाल्लाय त्याला सांगायला नको. दिवसभर झुंजलेलं अंग, घामानं निथळणारं, आणि त्यावर तो वारा. कुणाचा खांदा धरायचा तो कायमचा. कुणाच्या पिंढरीला गोळे यायचे ते जन्मात सुटायचे नाहीत. अशी किती चांगली पोरं त्या शिवेपलीकडं वाया गेली. कुणाला त्याचं काही नव्हतं. ती हरलेली होती ना!

देवीची पूजा गुरवाकडं होती. गुरवाचं नाव भानू. हा स्वतः चांगला पैलवान. एका जत्रेत घाटावरच्या गड्यानं त्याला घरच्या मातीत चित केलं. भानू त्याच गावचा, त्याच देवीचा पुजारी, पण रीत घरच्यालाही सुटली नाही. तेवढं त्या गावाचं खरं मानलं पाहिजे. भानू मातीसकट उठला आणि शीव ओलांडून करंजाच्या झाडाखाली जाऊन बसला. उजाडल्यावर त्याला घरी आणला तो उचलून आणावा लागला. अंग लाकडासारखं आखडलेलं. बायकोनं ऊन पाण्यानं शेकलं, तेल लावलं, विटा तापवून पाठीशी ठेवल्या. वेळ गेली होती. तो श्वास घ्यायचा तेव्हा दातांच्या फटीतून बारीक आवाज यायचा, ओलं लाकूड चुलीत घातल्यावर येतो तसा. शिमग्याच्या आत तो आवाज थांबला.

ही त्याची बायको धुरपा. पदरात एक पोरगा, कुशाबा. नवरा गेला तरी देवीची सेवा चुकवता येत नाही. दिवा लावायचा, कुंड झाडायचं, नैवेद्याचं पीठ दळायचं. देवळाच्या ओट्यावर, अगदी कुंडाच्या काठाशी, देवीचं जातं होतं. मोठं काळ्या दगडाचं. घरचं जातं आपलं खेळणं वाटेल असं. धुरपा एकटी ते ओढायची.

जातं ओढून तिचे खांदे आंबायचे. मग ती थोरलीत हात बुडवून बसायची. बरं वाटायचं, पण हात जड व्हायचे, झोपेला आल्यासारखे. एकदा तशीच उठून धाकटीची घागर भरायला गेली, हात गार पाण्यात गेले, आणि तिला वाटलं की कुणी तरी आतून दोर सोडला. परत ऊन पाण्यात. परत गार. खांदे असे मोकळे झाले की तिनं त्याच दिवशी दुप्पट दळण काढलं. तिला हे कुणी शिकवलं नाही. असं म्हणतात की थोरली आणि धाकटी तिच्या हातातून पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या.

पोरगा मोठा झाला आणि तालमीत गेला. धुरपाला नको होतं, पण ऊनझरीत पोराला मातीपासून लांब ठेवायचं म्हणजे बेडकाला पाण्यापासून. सकाळी मेहनत करून आला की कुशाबा कण्हायचा. तिनं त्याला तेच सांगितलं. त्याचं अंग मोकळं झालेलं बघून दुसरी पोरं आली. बाईमाणसानं लंगोटावरच्या पैलवानाकडं बघायचं नाही आणि पैलवानानं बाईच्या समोर यायचं नाही, ही तालमीची शिस्त. म्हणून धुरपा कुंडाकडं पाठ करून जात्यावर बसायची. पोरं मागं पाण्यात उतरायची. नियम एकच. जातं फिरतंय तोवर थोरलीत. जातं थांबलं की बांध ओलांडून धाकटीत. ती जात्यात दाण्यांचा नवा घास घालून पुन्हा खुंटा धरेपर्यंत गार पाण्यात दात वाजवायचे, घरघर सुरू झाली की परत ऊन पाण्यात. दळण संपलं की बाहेर.

"काकी, झालं का? उकडून निघालो!" एखादा ओरडायचा.

"जातं बोलतंय न्हवं? मग तू गप बस."

एखादा धाकटीच्या काठावर नुसताच उभा राहायचा. तिला मागं न बघता कळायचं. "कोन त्यो? पाण्याचा आवाज आला न्हाई. एवढा रेडा आन् पाण्याला भितोस व्हय रं?" बाकीचे हसायचे आणि तो पडायचा.

ऊनझरीचे पैलवान जिंकायला लागले. सकाळी मेहनत, संध्याकाळी मेहनत, आणि अंग रोज नवं. दुसऱ्या तालमीतली पोरं अंग आंबून पडायची, ही पुन्हा शड्डू ठोकायची. गावानं धुरपाला मान दिला. जिंकणारं गाव कुणालाही मान देतं.

पण जत्रेची रीत तशीच राहिली. दर माघात हरलेला गडी तिच्या पाठीमागून मातीसकट शिवेकडं जायचा आणि ती जातं ओढत राहायची. गोष्ट सांगणारे इथं जरा भरभर पुढं जातात. मी जाणार नाही. तिला ठाऊक होतं त्या पोरांचं काय होणार ते, आणि ती गप्प बसली. सेवा गेली असती, घर गेलं असतं, पोरगा उघड्यावर आला असता. बाई होती ती, देवी नव्हती.

मग ती जत्रा आली. शेवटची कुस्ती कुशाबाची, घाटावरच्या हैबती नावाच्या गड्याशी. तोही विशीतलाच. सोबतीला त्याच्या गावचे दोघे होते, बाकी त्याचं कुणी नव्हतं. ऊन डोक्यावर असताना हात मिळाले ते उन्हं डोंगराआड गेली तरी सुटेनात. हलगीवाल्याचे हात दुखले. माणसं ओरडायची थांबली, नुसती बघत राहिली. शेवटी कुशाबानं त्याला उचलला आणि पाठीवर टाकला. गुलाल उधळला. कुशाबाला खांद्यावर घेऊन गाव थोरलीकडं निघालं.

हैबती उठला नाही. उठायला गेला आणि दोन्ही पायांना एकदम गोळे आले, पाठ धनुष्यासारखी वाकली. सोबतीचे दोघे त्याला काखेत धरून ओढत शिवेकडं न्यायला लागले. वारा सुटला होता. वाट कुंडावरूनच होती. धुरपा जात्यावर बसली होती, जिंकलेल्याच्या आंघोळीसाठी दळण मांडून. पाठ कुंडाकडं आणि कान नेहमीसारखे मागं. तो पोरगा मागून चालला आणि तिला आवाज आला. दातांच्या फटीतून, बारीक. ओलं लाकूड चुलीत घातल्यासारखा.

तिनं खुंटा सोडला. उठली. असं म्हणतात की त्या ओट्यावरून जत्रेच्या दिवशी ती पहिल्यांदा वळली, आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून वाटेत आडवी उभी राहिली.

"ह्याला आदी पाण्यात उतरवा," ती म्हणाली.

गावचा पाटील दौलू. वाईट माणूस नव्हता, पण रीत म्हटलं की त्याला पुढचं दिसायचं नाही. तो म्हणाला, "गुरवीण, डोकं फिरलं का? हरलेल्याची माती देवीच्या पाण्यात? तुझ्याच पोराचं यश धुवून काढतीस?"

"यश येवढं कच्चं आसंल तर धुतलेलंच बरं."

"रीत हाय ही."

"हाय की. माझा मालक तिनंच न्हेला. तवा म्या गप बसले. आता ह्याची आय घाटावर वाट बघतीया, तिला म्या काय निरोप धाडू? रीत चांगली पाळली म्हनून?"

पाटलाचा चेहरा लाल झाला. "सेवा काढून घेईन. घर खाली करावं लागंल."

"घ्या," ती म्हणाली. एवढंच.

मग पाटलानं रागात काय करावं? त्यानं गड्यांना सांगितलं, हिचं जातं उचला. "बघू आता कशावर वेळ मोजतीया!" गड्यांनी ते जातं ओट्यावरून उचललं आणि धाकटीत फेकलं. जातं तळाला गेलं. पाणी एकदा उसळलं आणि निवांत झालं.

तेवढ्यात थोरलीत उतरलेला कुशाबा ओरडला. "आये, पानी गार झालं!"

लोकांनी पाहिलं. वाफ थांबली होती. तळातून येणारे बुडबुडे थांबले होते. जे कुंड कुणाच्या आठवणीत कधी निवलं नव्हतं ते रांजणातल्या पाण्यासारखं गार पडलं. कुशाबाचं झुंजलेलं अंग त्या पाण्यात आखडायला लागलं. जिंकलेल्या पैलवानाच्या पिंढरीला गोळे आले आणि त्याच्या दातांच्या फटीतून तोच आवाज यायला लागला. धुरपा दोघांच्या मधे उभी होती. एकीकडं पोटचा, एकीकडं परका, आणि आवाज एकच.

 आणि मग धाकटीच्या तळातून घरघर ऐकू आली. पाण्याखाली जातं फिरत होतं. असं म्हणतात. खोटं वाटत असेल त्यानं वाटून घ्यावं. ऊनझरीत आजही लहान पोर धाकटीच्या पाण्याला कान लावतं.

कुशाबानं आईकडं पाहिलं. ती काही बोलली नाही. पोराला काय करायचं ते आईनं सांगून त्यानं केलं तर त्यात त्याचं काय? तो थोरलीतून कसाबसा बाहेर आला, रांगत बांध ओलांडला आणि धाकटीत बुडी मारली. बराच वेळ वर आला नाही. सोबतची पोरं पाण्यात उडी घ्यायला निघाली तेवढ्यात तो वर आला. एका काखेत जात्याचा खालचा दगड, दुसऱ्या काखेत वरचा. उचलायला गडी लागले होते, आणायला तो एकटा.

त्यानं दगड ओट्यावर मांडले. कुंडाकडं पाठ केली. मांडी घालून बसला आणि खुंटा धरला.

आता तुम्हाला त्यात काही वाटणार नाही. तेव्हा पुरुषानं जात्याला हात लावायचा नाही, आणि हा तर त्या दिवसाचा जिंकलेला पैलवान, अंगावर ओला गुलाल, सगळी जत्रा समोर. बाया दळतात तसा तो दळायला बसला. कुणी तरी हसलं. कुणी तरी म्हणालं, "लुगडं नेसवा ह्याला!" त्यानं मान वर केली नाही. हैबतीच्या सोबतीच्या दोघांना तो एवढंच म्हणाला, "उतरवा त्याला. जातं चाललंय तोवर ऊन पान्यात ठेवा."

आणि त्यानं जातं ओढलं. दगडावर दगड घासला, ठिणगी उडाली. दळण सगळं पाण्यात गेलं होतं, जातं रिकामं होतं. रिकामं जातं ओढू नये, अशुभ असतं, हे ऊनझरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. धुरपा त्याच्यासमोर बसली, तिनंही खुंट्याला हात घातला, पण घास घालायला तिच्याजवळ दाणा नव्हता. तिनं वर पाहिलं. माणसं खाली बघायला लागली.

तेव्हा पाटलीण पुढं आली. दौलू पाटलाची बायको, कधी चार लोकांत बोलली नव्हती. देवीची ओटी भरायला आणलेले तांदूळ तिच्या पदरात होते. नवऱ्याच्या देखत तिनं मूठ भरली आणि जात्यात घातली.

"ओढ रं पोरा," ती म्हणाली.

जातं भरल्या आवाजात बोललं. आणि असं म्हणतात की तो आवाज निघाला तशी थोरलीच्या तळातून पहिला बुडबुडा आला, मग दुसरा, मग वाफ अशी उठली की देवळाचा कळस दिसेना. मग बाया रांगेनं पुढं आल्या. कुणाच्या पदरात तांदूळ, कुणाच्या ओंजळीत नाचणी. पुरुष उभे होते ते हळूहळू वळले. कुणी सांगितलं नव्हतं. एकेक करत सगळ्यांनी कुंडाकडं पाठ केली. पाटील शेवटी वळला. वळला खरा.

जातं फिरलं की हैबती थोरलीत, थांबलं की धाकटीत. आधी त्याच्या पायाची बोटं हलली. मग गुडघा सुटला. मग पाठ सरळ झाली आणि तो श्वासातला आवाज गेला. अंधार पडायच्या आत तो आपल्या पायांनी पायऱ्या चढून वर आला. त्याच्यामागून कुशाबा पाण्यात उतरला आणि तेव्हा जातं धुरपानं ओढलं.

हैबती तिच्या पाठीशी उभा राहिला. म्हणाला, "माय, एकदा तोंड तरी बघू दे."

धुरपा वळली नाही. "तुझी पाठ मातीला लागली ती म्या बघितली न्हाई. तू माझं तोंड बघून काय करतोस? घरी जा. आय जेवायची थांबली आसंल."

तो घाट चढून गेला. पुढच्या माघात परत आला आणि त्यानं कुशाबाला पाडलं. यश वाहून गेलं म्हणून पाटील कपाळाला हात लावून बसला, आणि हैबती मात्र जात्यापाशी जाऊन पाठ करून बसला, कुशाबासाठी. घाटावरच्या गड्याला दळता येत नव्हतं. पीठ जाडंभरडं पडलं. धुरपानं त्याला सगळ्यांदेखत नावं ठेवली.

धुरपाचं पुढं काय झालं याबद्दल लोक दोन तोंडांनी बोलतात. काही म्हणतात, म्हातारी झाली, तापानं गेली. गेली असेल. माणसं जातात. काही म्हणतात, एका पहाटे जात्याचा आवाज येत होता, पोरं मेहनत करून नेहमीसारखी पाण्यात उतरली, आवाज चालला तोवर थोरलीत बसली, थांबला की धाकटीत गेली. दळण संपलं. वर येऊन बघतात तर ओट्यावर कुणी नाही. पीठ ऊन होतं. थोरलीवरची वाफ त्या दिवशी ओट्यापर्यंत आली होती, आणि ती वाफेतून गेली ती मागं न बघता गेली.

जातं मात्र तिथंच आहे. खुंटा किती वेळा बदलला, दगड तेच. तालमीतली पोरं अजून आंबलेलं अंग घेऊन तिथं येतात. आता पळणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या पोरीही येतात. त्यांच्या वेळेला देवळाची वाट बंद असते. जत्रेला शेवटची कुस्ती सुटली की गुलाल उधळत नाहीत. गुलाल नंतर. आधी हरलेल्याला हाताला धरून पायऱ्या उतरवतात, थोरलीचं पहिलं पाणी त्याचं. जिंकलेला ओट्यावर जातो, कुंडाकडं पाठ करतो आणि खुंटा धरतो. पहिली मूठ पाटलाच्या घरून येते, अजून येते. त्या पिठाच्या भाकरीचा पहिला तुकडा हरलेला मोडतो.

आणि जातं फिरतंय तोवर अख्खी जत्रा कुंडाकडं पाठ करून उभी असते. म्हातारीकोतारी, पोरंबाळं, कडेवरची लेकरंसुद्धा. त्यातलं एखादं मान वळवून बघायला लागलं की आई त्याचं तोंड हलकेच पुढं फिरवते. कुणी बोलत नाही. मागं पाण्यात एक हरलेला माणूस असतो, आणि त्याच्याकडं कुणी बघत नसतं. नुसती घरघर ऐकू येते.